डब्यात वशिला नाही

“गावात माणसं किती ते राहू द्या भाऊ. एकदम किती बसतीन ते सांगा.”

आमच्या आर्णीच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हा माणूस असं बोलला, तेव्हा मला वाटलं, हा रस्ता चुकला. लग्नाचा स्वयंपाक ठरवायला निघालेला आचारी चुकून माझ्याकडे आला. मी केबलवाला. आता केबल म्हणजे इंटरनेट, पण लोक अजून केबलवालाच म्हणतात आणि मीही वाईट वाटून घेत नाही.

आमचं एक लोकल चॅनेल आहे. मोबाईलवर दिसतं. गावोगावची लग्नं, कबड्डी, भजनं, कापसाचे भाव. प्रत्येकाला प्रत्येक व्हिडिओ आर्णीहून पाठवत बसलं की लाइन तुंबते आणि लोक फोन करून माझा उद्धार करतात. म्हणून मोठ्या गावात एक सर्व्हर ठेवायचा. कोणी एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहिली की तिची एक प्रत तिथंच राहते, पुढच्याला ती गावातल्या गावात मिळते. आम्ही त्याला सरळ डबा म्हणतो. कोणत्या गावात केवढा डबा लागेल, हे सांगणारा माणूस मला हवा होता, आणि हैदराबादेत मोठमोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरच्या खोल्या आखून आलेला हा पन्नाशीचा इंजिनिअर माझ्या नशिबात आला. त्याला आपल्या मुलखात परत यायचं होतं, एवढंच कारण. ऑफिसात सगळे त्याला मामू म्हणायचे. इथंही तेच चालू द्या.

मामूचे वडील बावर्ची. आर्णीतल्या कितीतरी लग्नांची बिर्याणी त्यांच्या हातची. त्यामुळे मामूचं सगळं शास्त्र पंगतीवरून चालायचं. पांढरकवड्याच्या डब्यासाठी आम्ही बसलो, तेव्हा त्यानं मला समजावलं, “हे पहा भाऊ. वाढप्याच्या हातात बादली असते, थे मेमरी. मांडवामागं डेग असते, थे तुमची एसएसडी. अन् कोठीच्या खोलीत पोते असतेत, थे जुनी हार्डडिस्क. पंगतीले एकच भाजी असन तं बादली मोठी घ्या, कोठी लहान चालते. सगळे एकच तं मांगतेत!”

“आणि प्रत्येकानं वेगळी भाजी मागितली तर?”

“अशी पंगत कुठी असते का बाप्पा?” म्हणून तो मोठ्यांदा हसला.

असा माणूस तुम्ही पाहिला असेल. आपलं गणित त्याला इतकं आवडतं की ते समोरच्याला जेवू घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. वस्ती लहान असली तर जुन्या कॉम्प्युटरमध्ये मेमरी वाढवून तो काम भागवायचा. मोठ्या गावाला नवी मशीन. तालुक्याच्या गावाला एक दांडगी मशीन मागितली की तो मान हलवायचा आणि मध्यम दोन मागायचा, कारण एक बसली तर दुसरी वाढायला उभी पाहिजे. आणि डबा बसवण्याआधी तो त्या गावात जाऊन पानठेल्यावर दिवसभर बसायचा. कोण काय पाहतो, कधी पाहतो, विचारत राहायचा. लोकांना वाटायचं, निवडणूक आली.

केळापूरला आमच्या माणसानं उन्हाळ्यात डब्याला ऊन लागू नये म्हणून समोर पाण्याचा कूलर लावून दिला. काय ती माया! मामूनं झाकण उघडलं तर आत सगळं ओलं. मी तोंडाला येईल ते बोलायला लागलो, तर मामूनं मला हातानं थांबवलं. “रागावू नका, भाऊ. त्यानं पाहुणा समजून केलं.” मग त्या माणसाला जवळ बसवून, वाऱ्याची तोंडं कुठं असतात, गरम हवा कुठून बाहेर जाते, हे त्यानं शांतपणे दाखवलं. मला मात्र तिथं चहासुद्धा गोड लागला नाही.

या माणसाचा एकच हट्ट होता. डब्यात वशिला नाही. जे लोक पाहतात ते राहील, जे कोणी पाहत नाही ते नव्याला जागा करून देईल. आमदाराचं भाषण कायम ठेवा म्हणून माणूस आला, त्याला मामूनं चहा पाजून वाटेला लावलं. माझ्या स्वतःच्या भाच्याच्या लग्नालाही त्यानं जागा राखून दिली नाही. “एकाचा वशिला लागला का दुसरा येते. मंग डबा लोकायचा राहत नाही, साहेबायचा होते.” मी फुरंगटून बसलो होतो दोन दिवस. भाच्याचं लग्न होतं हो!

आता भाभींचं सांगतो.

मामूची बायको मास्तरीण. मुकुटबनजवळच्या एका लहानशा शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंतची पोरं त्या एकट्या सांभाळायच्या. मामू आर्णीत आणि त्या मुकुटबनात. शनिवार आला की हा मोटरसायकल काढायचा. घरी पोरबाळ नाही. चारचौघांत तो बायकोला “मॅडम” म्हणायचा आणि त्या याला काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. आवाज मात्र असा खणखणीत, की वर्गात बोलल्या तर रस्त्यावरचा माणूस पाटी घेऊन बसावा.

त्या आवाजालाच दुखणं लागलं. गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

मामूनं हे मला ऑफिसात, दुपारी, डब्यांच्या यादीवर बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं, “मामू, आता शाळेचं?”

“नोकरी सोडत नाही म्हणतेत. म्हणतेत, पोट्ट्यायले दुसरं कोण हाय?” मग म्हणाला, “पाठ भरून ठेवून राह्यलो आम्ही. सगळे.”

ऑपरेशनच्या आधीच्या सुट्ट्यांत भाभी बोलत होत्या आणि मामू मोबाईल धरून बसत होता. सगळ्या इयत्तांचे, सगळ्या विषयांचे पाठ. मध्येच खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून. पोरांच्या घरी कोलामी बोलतात, म्हणून अडलेला शब्द त्या कोलामीतही सांगायच्या. हे पाठ आमच्या चॅनेलवर चढवायचे, मुकुटबनच्या डब्यातून शाळेतल्या टीव्हीवर लावायचे, आणि भाभींनी फळ्याजवळ उभं राहून हातानं दाखवायचं, असं ठरलं. मामूचं म्हणणं एवढंच होतं, “मॅडमचा आवाज मधात अटकला नाही पाहिजे.”

मी म्हटलं, “मामू, हे पाठ कायमचे ठेवा डब्यात. एवढा वशिला चालतो.”

तो काही पटेना. “काहून? पोट्टे रोज पाहतीन तं ते आपोआप राहतीन. माह्या बायकोसाठी नियम मोडला तं उद्या तुमच्या भाच्याले काय सांगू?”

भाच्याची आठवण त्यानं काढायला नको होती. मी पुढच्या गावाची यादी काढली.

मुकुटबनचा डबा त्यानं जीव ओतून आखला. मेमरी भरपूर, डिस्क बेताची. गावात एका वेळी सगळे साधारण एकच गोष्ट पाहतात, हे त्यानं पानठेल्यावर बसून ताडलं होतं. ऑपरेशन झालं, भाभींची रजा संपत आली, तेव्हा त्यानं सगळे पाठ एकदा स्वतः लावून डब्यात उतरवून घेतले. पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की भाभी वर्गात जाणार होत्या.

आणि मध्ये आला तान्हा पोळा.

आपल्याकडे मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडी बैल सजवायचे, पोरांना शंकर-पार्वती करायचं, दारोदार फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. मुकुटबनला स्पर्धा होती. आमच्या पोरांनी प्रत्येक लेकराचा वेगळा व्हिडिओ काढला आणि चॅनेलवर टाकला. मामू खूश होता. त्याचा हिशेब असा की सगळं गाव स्पर्धेचं बक्षीस पाहणार.

छे! बक्षीस कोणीच पाहिलं नाही. प्रत्येक घर आपापलं पोट्टं पाहत बसलं. आजी नातवाचा बैल पाहते, पुन्हा पाहते, मग मामा पाहतो, मग शेजारीण येते तिला दाखवतात. जेवढी घरं तेवढे व्हिडिओ. भरल्या पंगतीत प्रत्येकानं आपली वेगळी भाजी मागितली. डब्याची बेताची डिस्क भरली, आणि नियमाप्रमाणे जे कोणी पाहत नव्हतं ते बाहेर गेलं. सुट्टीत पाठ कोण पाहणार?

तरीही चाललं असतं. आर्णीहून पाठ पुन्हा गेले असते. पण शाळा उघडायच्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कामात जेसीबीनं आमची लाइन तोडली. शाळेची घंटा होऊन गेल्यावर मामूच्या मोबाईलवर भाभींचा मेसेज आला, “आवाज आला नाही.”

मामूनं तो मला दाखवला आणि खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, “माह्या हातानं केलं, भाऊ. माह्या हातानं तिले मुकी केली.”

मी गाडी काढली. पांढरकवड्यापर्यंत मी उगाच खड्ड्यांना शिव्या देत राहिलो.

शाळेजवळ पोचलो तर आतून पोरांचा गलका येत होता. आम्ही खिडकीतून पाहिलं. भाभी फळ्यावर एक ओळ लिहीत होत्या, तिसरी-चौथीची पोरं ती मोठ्यानं वाचत होती. त्या बोट उचलायच्या, पोरं थांबायची. चुकलं की त्या मान हलवायच्या, पोरं पुन्हा म्हणायची. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, हात खांद्यापर्यंत खडूनं पांढरा. मला इतकं बरं वाटलं, की मी मामूच्या पाठीवर थाप मारली.

मामू माझ्याकडे पाहत नव्हता. तो पुढच्या रांगेकडे पाहत होता. तिथं पहिलीची पोरं बसली होती. त्यांना अजून वाचता येत नव्हतं. ती भाभींच्या तोंडाकडे पाहत होती, ते कधी उघडेल म्हणून.

मधल्या सुट्टीत भाभी बाहेर आल्या. मामू काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मोबाईलवर लिहून दाखवलं, “डबा नंतर. आधी चहा घ्या दोघंही.” चहा घेताना त्यांनी पुन्हा लिहिलं, “मोठ्यांचं मी पाहीन. लहानांना आवाज पाहिजे.”

मामूनं त्याच दिवशी नियम मोडला. सरळसरळ मोडला नाही, त्याचा स्वभाव तो नव्हताच. पांढरकवड्याहून मशीन मागवून, संध्याकाळी लाइन जुळल्यावर आर्णीहून पाठ उतरवून घेऊन, गावाच्या डब्याचा नियम तसाच ठेवून शाळेसाठी त्यानं वेगळाच डबा उभा केला, आणि तोसुद्धा जोडीनं. एक बसला तर दुसरा. लाइन असो नसो, वीज जावो, बॅटरीवर चालायचं. त्यात फक्त भाभींचे पाठ, दुसरं काही शिरायला जागाच ठेवली नाही. मी म्हटलं, “मामू, एका टीव्हीसाठी दोन मशीन? तालुक्याचा थाट हाय हा!” एरवी त्यानं मला पंगतीचा हिशेब ऐकवला असता. त्या दिवशी तो नुसता वायरी जोडत राहिला. गावाच्या डब्याला मात्र त्यानं मोठी कोठी बसवली, पुढच्या तान्ह्या पोळ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात पाठ लागला. मी दारात उभा होतो. टीव्हीतून तो खणखणीत आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं टीव्हीकडे पाहिलंच नाही. ती भाभींकडेच पाहत बसली आणि हसली. तो पाठ मध्ये एकदाही अटकला नाही.

मामू आता आमच्याकडे नाही. त्यानं नोकरी सोडली, मुकुटबनला बायकोजवळ राहायला गेला. मी खूप समजावलं, भांडलोसुद्धा. तो म्हणाला, “शनिवार पुरत नाही, भाऊ.” नवीन माणूस हुशार आहे, पण पानठेल्यावर बसत नाही. कुठल्या गावाला केवढा डबा लागेल ते कॉम्प्युटरवर पाहून सांगतो, आणि बरोबर सांगतो. मला उगाच त्याचा राग येतो.

मागच्या हिवाळ्यात मुकुटबनला कामासाठी गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. संध्याकाळची वेळ. भाभी ओट्याशी रोट्या लाटत होत्या. मामू खाली पाटावर बसून लसूण सोलत होता. मसाल्याच्या बरण्यांशेजारी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक मशीन आणि एक लहान स्पीकर होता. मामू म्हणाला, “माह्या हातानं बनलेला सगळ्यात लहान डबा हाय हा, भाऊ. ऐकणारा एकच.” आणि त्यानं बटण दाबलं.

पहिलीची वजाबाकी होती. भाभींच्या जुन्या आवाजात सात बोरं आली, तीन कोणीतरी खाल्ली. “किती उरली रे?” आवाजानं विचारलं आणि पोरांना मोजायला वेळ मिळावा म्हणून थोडं थांबला. मामू लसूण सोलताना थांबला आणि म्हणाला, “चार.”

“कळलं का सगळ्यांना?”

“कळलं, मॅडम.”

भाभींनी लाटणं ठेवलं आणि वळून त्याच्याकडे पाहिलं, वर्गातल्या एखाद्या कच्च्या पोराकडे पाहावं तसं, बराच वेळ. मग नाही नाही अशी मान हलवली. पदराला हात पुसले, बरण्यांजवळ गेल्या, आणि पाठ पुन्हा पहिल्यापासून लावला.