पिठाच्या गोळ्या आणि पाण्यातला कॅमेरा

मुलांनो, नदीवरच्या ग्वारीघाटावर मी माशांना पिठाच्या गोळ्या टाकत होते. कमरेएवढ्या पाण्यात एक मराठी माणूस डब्यात बंद केलेला कॅमेरा बुडवून फोटो काढत होता. जन्मभर इथे माशांना खाऊ घालणारी त्याची आई आता अंथरुणाला खिळली होती. तिला तेच मासे दाखवायचे होते.

"आजी, थांबा ना! पिठानं पाणी गढूळ होऊन राहिलं."

मी थांबले. मासे निघून गेले.

"अच्छा, टाका मग," तो हसला.

मी हात पाण्यात घालून गोळ्या सोडल्या, मासे परतले; पण फ्लॅशनं पिठाचे कणच चमकले. फ्लॅश बंद करून त्यानं पुन्हा कॅमेरा बुडवला. फोटोत माझा हात स्पष्ट आला, भोवती माशांची नुसती अंधूक तोंडं.

"आई काय म्हणेल?" मी विचारलं.

"म्हणेल, चला, उपाशी नाहीत."