स्क्रू आज, दात चार महिन्यांनी

माझे वरचे पुढचे दोन दात टँकरने नेले. म्हणजे लातुरात नळ कधीचेच गप्प झाले होते, गल्लीत टँकर आला, मी पाइप धरायला पुढे धावलो आणि पाइपाने उसळी मारून पितळी तोंड माझ्या तोंडावर हाणलं. दात गेले. गल्ली ओरडली, "भाऊ, पाइप सोडू नका!" मी सोडला नाही. (दोन बॅरल भरले. एकात थोडं रक्तही असावं.)

दातांच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "इम्प्लांट करू. आज हाडात स्क्रू बसवायचा. तीन-चार महिन्यांत हाड तो धरतं, मग त्यावर दात."

मी समजत होतो, जाताना बोळका आणि येताना नवरदेव!

"म्हंजे चार महिने ह्ये असंच?" बायकोने, सुशीलाने, विचारलं.

"हो. आणि आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही."

"चुळीला पाणी हाय कुठं मॅडम?"

भुलीच्या सुया टोचल्या. दुखलं काहीच नाही. पण कवटीत कुणीतरी बोअर घेतंय, असा आवाज तासभर चालला. टाके घालून उठलो, तेव्हा ओठ आहे की नाही हे हाताने चाचपून बघावं लागत होतं. बाहेर सुशीला डोळे पुसत उभी होती.

"आप्पा गेले," ती म्हणाली. "चाकूरहून फोन आलता. मघाशीच. सांगितलं असतं तं तुमी अर्ध्यातनं उठला असता."

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मला शाळेत घालणारे. आणि आम्ही अडीच वर्षं बोलत नव्हतो! कारण ऐका. आप्पा म्हणायचे, उदगीर नवा जिल्हा होणार आणि चाकूर तिकडं जाणार. मी लातूरच्या कचेरीतला कारकून. जेवताना हसलो आणि म्हणालो, "तुमच्या हयातीत न्हाई होत." ते ताटावरून उठले. आप्पांच्या हयातीत जिल्हा झाला नाही. माझं खरं ठरलं, याची मला तेव्हापासून लाज वाटते.

तसेच जीप करून चाकूरला गेलो. वाटेत तोंड सुजून भोपळा झालं. अंगणात पाय ठेवतो तोच एक म्हातारी किंचाळली, "अगं माय! भास्करला लकवा मारला!"

"लकवा न्हाई," सुशीला म्हणाली. "दात बसवल्यात."

"कुठं? दाखव."

मी तोंड उघडलं. चार बाया आत डोकावल्या.

"ह्ये बसवल्याले? मंग काढल्याले कसे असत्यात?"

तिकडे आप्पा पांढऱ्या चादरीखाली शांत होते. मी पायाशी बसलो. डोळ्यांतून पाणी, ओठातून लाळ. रुमाल लाल झाला. थुंकायचं नव्हतं, म्हणून रक्त गिळत राहिलो. लोक आपसात म्हणाले, पुतण्या रडावा तर असा!

स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं. आप्पांचा मुलगा मिलिंद म्हणाला, "भाऊ, दोन शब्द बोला. घरात तुमीच मोठे."

मी मान हलवली. ती त्याला होकारार्थी वाटली.

उभा राहिलो. म्हणायचं होतं, "आप्पा, मला माफ करा." पण प, फ आणि म यांना ओठ लागतात, आणि माझा ओठ अजून लातुरातच होता. सगळ्या गावासमोर मी हात जोडून मोठ्यांदा म्हणालो, "आहा! हला हाह करा!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी घाबरून पुन्हा म्हणालो. मग आणखी मोठ्याने. तिसऱ्या "आहा!"ला माझाच हुंदका फुटला आणि मी मटकन खाली बसलो.

आप्पांच्या घरी आल्यावर काकूने माझ्यासमोर गार पाण्याचा तांब्या ठेवला. त्या उन्हाळ्यात तांब्याभर गार पाणी! ती हळूच म्हणाली, "तोंड धड व्हतं तवा आला न्हाईस रं." मी तांब्या तोंडाला लावला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

हाडाने स्क्रू धरला. चार महिन्यांनी दात बसले, आणि मी पहिल्यांदा काकूकडेच गेलो. तासभर बोललो. जिल्हा, भांडण, माझी चूक, सगळं स्पष्ट उच्चारांत सांगून माफी मागितली.

काकूने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भास्कर, स्मशानात बोललास ना, त्ये लई चांगलं व्हतं."