गाडी लागली नव्हती

"हिला गाडी लागलेली नाही," लेहच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या. "हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडेमा. उंचावरच्या विरळ हवेनं फुफ्फुसात पाणी व्हायला लागलंय. उलट्या होत असताना तुम्ही हिला आणखी वर नेलंत?"

नेलं होतं. माझी सहा वर्षांची स्वरा ऑक्सिजनचा मास्क लावून धापा टाकत पडली होती आणि मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

आम्ही मूळचे डोंगरातल्या कुडपण गावचे, राहतो पोलादपुरात. कुठंही निघा, घाट आहेच. पोरं वळणांवर ओकायचीच, म्हणून माझ्या पर्समध्ये लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या कायम. उलटी झाली की गाडी लागली, यापलीकडे आमचं डोकं चालत नाही.

विमानानं लेहला उतरलो. दोन दिवस नुसता आराम करा, असं हॉटेलवाल्यानं बजावलं होतं. पण नवऱ्याला एमआयडीसीतल्या कंपनीतून जेमतेम आठवड्याची रजा. "आपण कुडपणची माणसं. डोंगर काय आपल्याला नवा हाय?" लेहपुढं कुडपण म्हणजे अंगण, हे त्याला कळत नव्हतं. मलाही कुठं कळत होतं?

उतरलो त्याच दिवशी स्वरा जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही उंच खिंडीकडे निघालो. अर्ध्या वाटेत उलट्या. सासूबाईंना फोन लावला. "गाडी लागली आसंल गो. लिंबू हुंगव नि पुढं बसव."

बसवलं. मग ती गप्प झाली, पेंगायला लागली. बरं वाटतंय, असं आम्हीच ठरवून टाकलं. वर पोचलो तेव्हा ती खोकत होती आणि बसल्या जागी धाप लागली होती. मग मात्र ड्रायव्हरनं आमचं काही न ऐकता गाडी फिरवली.

मुलांना घेऊन जाणार असाल तर ऐका. पोर जेवत नसेल, किरकिरत असेल, खेळत नसेल, तर आधी उंचीवर संशय घ्या. थांबा, वर जाऊ नका. धाप लागली, तोल जायला लागला, तर तडक खाली. लिंबानं यातलं काहीही थांबत नाही.

स्वरा वाचली. त्या ड्रायव्हरचे आणि डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

परतीच्या विमानात तिला विचारलं, "गाडीत गप्प का बसलीस गो? दुखतंय म्हणून परत सांगायचं नाय का?"

"तूच म्हणालीस ना, सारखं रडून सगळ्यांची मजा घालवू नको."

म्हणाले होते.