वामची बरणी

परवा जळगावला माझ्या जुन्या कॉलेजात जाणं झालं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता... शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं यथासांग. चहाच्या वेळी मी हळूच झूलॉजीच्या लॅबमध्ये शिरले.

कोपऱ्यातल्या कपाटात ती बरणी अजून होती. फॉर्मलिन पिवळं पडलंय, पण लेबल शाबूत... 'पाणसाप'. अक्षर माझं.

एकोणनव्वद साल असेल. सेकंड इयरला प्रत्येकाने एक प्राणी आणायचा होता. माझ्या बेंचवरची सुमन तापीकाठच्या गावातली, घरचा धंदा मासेमारीचा. तिच्या वस्तीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी.

तिचे वडील, नाना, स्वतः एसटीने डबा घेऊन आले. हाताला राख चोळून त्यांनी डब्यातली ती सापासारखी लांबलचक, बुळबुळीत वाम उचलली आणि मला म्हणाले, "पाठवर बोट फिराई देख, पोरी. सापले काटा ऱ्हातस का?" मी फिरवलं. चांगलंच टोचलं.

नाना गेल्यावर सर आले. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि जाहीर केलं, पाणसाप आहे, घाला बरणीत. सुमन म्हणाली, "सर, वाम आहे ही. मासा आहे."

भर वर्गात चूक दाखवली, हे सरांना झोंबलं. "वाम? म्हणजे काय? अर्थ सांग. कुठून आलं हे नाव?" ती म्हणाली, "नाना म्हणतात... त्यांचे आजोबापण हेच म्हणायचे." वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

त्या संध्याकाळी लायब्ररीत मी माशांचं जाडं पुस्तक काढलं. ईल या सापासारख्या माशाचं लॅटिन नाव अँग्विला, आणि त्याचा अर्थ... छोटा साप! म्हणजे नाव ठेवणाऱ्या विद्वानांनाही आधी सापच आठवला होता. पुढच्याच पानावर आपली वाम होती, पाठीवर काट्यांची रांग असलेली, आणि वर स्पष्ट लिहिलेलं की हा मासा आहे.

मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. कोणाला बोलले नाही.

कारण जर्नलवर सरांची सही लागायची. सही नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता यायचं नाही. मी निमूट 'पाणसाप' लिहिलं, सही मिळाली, वर अक्षर चांगलं म्हणून लेबल लिहायचा मानही मिळाला. सुमनने 'वाम' लिहिलं. सरांनी खोडायला सांगितलं, तिने खोडलं नाही.

तिला शेवटपर्यंत सही मिळाली नाही. तिचं वर्ष वाया गेलं. पुढच्या जूनमध्ये ती आलीच नाही... बोदवडला लग्न करून दिलं, एवढं कानावर आलं.

मी पुढे एमएस्सी झाले, शिकवायला लागले. वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले, निरीक्षण करा, डोळ्यांवर विश्वास ठेवा. कोणत्या तोंडाने सांगत होते, देव जाणे.

परवा तिथल्या मॅडमना विचारून ते लेबल नखाने खरवडून काढलं. नवीन लिहिलं... 'वाम'. 'ओळख पटवणारे' या रकान्यात सरांचं नाव होतं, तिथे सुमनच्या नानांचं घातलं. एका वर्गमित्राकडून तिचा नंबर मिळवला, बरणीचा फोटो पाठवला आणि सगळं कबूल केलं. पुस्तकाचंसुद्धा.

आज सकाळी मेसेज आला.

"आते काय उपेग? नाना नही शेतस आते."

नाना आता नाहीत... हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. माफी मागायची म्हणून टाईप करत बसले होते, तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला.

"फोटोमा पाठवरना काटा दिखतस का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. दिसतात गं, सुमन... तेव्हाही दिसत होते.