पोहोचलास की कळव

नाशिकला द्वारकेच्या चौकात मुंबईची बस उभी होती. आईने खिडकीतून डबा आत दिला आणि बाबा सवयीने म्हणाले, "पोहोचलास की कळव."

"पाणबुडीत चाललाय तो," आई म्हणाली. "पाण्याखाली पोहोचणार तरी कुठे?"

"कुठेतरी लागेलच की. चल, जय भीम. नीट जा."

बाबा नांदगावला शिक्षक होते. निवृत्तीनंतर नाशिकला राहायला आले. माझी नोकरी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीवर, सोनारचे, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचे, हेडफोन कानाला लावून गेली. ही बोट पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वर यायचं, हवेची नळी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल इंजिनं चालवून चार्जिंग करायचं. लाटेने नळीचं तोंड बंद झालं की इंजिनं आतलीच हवा ओढतात, सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. अंघोळीला पाणी नसे. दुष्काळी नांदगावच्या माणसाला त्याचं फार वाटत नाही. मोबाईल मात्र धक्क्यावरच जमा करावे लागत.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाबांची बायपास ठरली, तेव्हा आमची बोट समुद्रात असणार होती. मी रजा मागतो म्हणालो.

"तू काय डॉक्टर आहेस? जा," बाबा म्हणाले. मग आईला, "आणि काही झालं तरी याला तिकडे कळवायचं नाही. एकटा पोरगा पाण्यात काय करील?"

"एकटा कुठला, बोटभर माणसं आहेत," आई म्हणाली. पण कबूल झाली.

त्यामुळे बातमी नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानायची सोय उरली नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. हेडफोनमध्ये कोळंबीचा तडतडाट होता, लांबवर मासेमारी बोट होती. तिच्या पंख्याला किती पाती, हे मला आवाजावरून कळत होतं. नाशिकचं काही कळत नव्हतं.

बंदरात आलो, वरचं झाकण उघडलं. फार दिवस डिझेलच्या वासात राहिलं की ताज्या हवेलाच घाण वास येतो. सगळे नाकं मुरडत वर आले. मी थेट मोबाईल घ्यायला गेलो. तो चालू व्हायला वेळ लागला. बाबांचा मेसेज होता.

"दवाखान्यातून घरी पोहोचलो. तू पोहोचलास की कळव."

मी धक्क्यावरच बसलो आणि फोन लावला.

"किती उशीर," बाबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यांचाच. "अगं, लागला एकदाचा किनाऱ्याला."

मागून आई म्हणाली, "आधी अंघोळ करायला सांगा त्याला."

आता नौदल सुटलं. विशाखापट्टणमला फ्लॅट घेतला. मुलगी एकाच वाक्यात मराठी आणि तेलुगू बोलते. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर पत्ता तिथलाच सांगतो. वर्षातून एकदा नाशिकला येतो आणि परततो. विशाखापट्टणमच्या स्टेशनवर उतरलो की सामान खाली ठेवून आधी मेसेज टाकतो. बाबा फोन हातात घेऊनच बसलेले असतात. "बरं," एवढंच उत्तर येतं. मग मी रिक्षा बघतो.