शर्यतीच्या सकाळची साखर

आमच्या दादाच्या नखांत, भुवयांत, चष्म्यावर कायम पिठीसाखर असते. माझा हा थोरला भाऊ केकवर फुलं काढतो. मी बेकरीचा गल्ला सांभाळते आणि त्याची बडबडही ऐकून घेते. माणूस लाखात एक, पण लेकीच्या बाबतीत महाघाबरट.

चिमणीला, म्हणजे त्याच्या लेकीला, लहानपणीच डायबेटिस निघाला. तेव्हापासून रोज तिचं बोट टोचून रक्ताचा थेंब मीटरच्या पट्टीवर घ्यायचा मान दादाचा. हात धुऊन यायचा, बोट टोचायचा, मग त्यावर हळूच फुंकर घालायचा. पोरगी तेरा वर्षांची झाली तरी तेच. स्वतःचं स्वतः करते म्हणाली, तर ऐकेल तो दादा कसला!

त्या सकाळी तिची पोहण्याची पहिली शर्यत होती. दादा केकवर साखर भुरभुरत होता, तो तसाच घाईनं आला आणि टोचलं. मीटरवर तीनशे वीस. दादाचा चेहराच उतरला. शर्यत रद्द, म्हणाला, आणि जादा इन्सुलिन द्यायला निघाला. चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, पण आकडा समोर दिसत होता ना!

डोळे पुसताना तिचं बोट ओठांना लागलं, गोड लागलं, आणि ती थबकली. तिनं दादाचा हात धरून उजेडात नेला.

"बाबा, ही साखर माझ्या रक्तातली नाही. तुमच्या हातांवरची आहे."

तिनं साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट स्वतःच टोचलं. एकशे सव्वीस. दादा मटकन मैद्याच्या पोत्यावर बसला. ते नको असलेलं इन्सुलिन गेलं असतं तर साखर एकदम उतरून पोर बेशुद्ध पडली असती. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं मीटर लेकीच्या हातात ठेवला आणि तिला शर्यतीला जा म्हणाला.

पोहताना साखर आपोआप उतरते, म्हणून जाण्याआधी तिनं बिस्किटं खाल्ली. शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. दादानं अशा टाळ्या पिटल्या की शेजारचे लोक सरकून बसले! काठावर येऊन तिनं हात पुसले आणि बोट टोचलं. अडुसष्ट, म्हणजे कमी. न घाबरता ज्यूस प्यायली, थोडं थांबून पुन्हा बघितलं. अठ्ठ्याण्णव. एवढा वेळ दादा हात पाठीमागे बांधून उभा होता.

मला इतका आनंद झाला, काय सांगू. चिमणीनं मीटर पिशवीत टाकला आणि बोट त्याच्यासमोर धरलं.

"बाबा, फुंकर मात्र तुम्हीच घाला."