आजोबांच्या तोंडी बासरी

बाळांनो, मी पाठवलेल्या व्हिडिओत आजोबांचे ओठ हलतात आणि ऐकू मात्र बासरी येते, हे काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. माझा राग निवण्याआधीच त्याचं उत्तर लिहिते.

आजोबा गेल्यावर त्यांच्या हँडीकॅमचं कार्ड घेऊन मी वडीगोद्रीला, रस्त्यालगतच्या शूटिंगवाल्याकडे गेले. तो लग्नांचे व्हिडिओ करतो. कार्डावरचं चित्रण संगणकात उतरत होतं, तोवर तो टेबलावर बोटांनी ढोलकी वाजवत होता आणि बाजूच्या बंद मॉनिटरमध्ये बघून केस सारखे करत होता. "एचडी हाय काकू, एकदम क्लियर," म्हणाला. हेडफोन गळ्यात होता. कानाला त्याने एकदाही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तयार व्हिडिओ दाखवला आणि मी खुर्चीतून उठलेच. "आवाज कुठे आहे?"

"काढला ना. लग्नात कोण बोलणं ऐकतंय?"

"हे लग्न नाही हो! गेलेल्या माणसाचं बोलणं आहे."

"मंग तर बासरीच बराबर, काकू. आवाज ऐकला की घरात रडारड होती."

आम्ही रडावं की नाही, हे ठरवणारा हा कोण? मी मूळ कार्ड मागितलं. लग्नाची कार्डं पुसतो तसंच त्याने तेही पुसलं होतं, संगणकात उतरवलेलं मूळ चित्रणही. "बिलकुल रिकामं करून दिलंय, परत वापरा," म्हणत त्याने ते हसून माझ्या हातावर ठेवलं.

व्हिडिओच्या शेवटचा छोटा तुकडा तेवढा त्याच्या नजरेतून सुटला. त्यात आजोबा गायीवर ओरडतात, "अगं, सरक तिकडं!" त्यांचा आवाज तेवढाच उरला आहे.